बिनआरशाचा कॅमेरा

व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकांविषयीं आपल्याकडे अशी ख्याति आहे कीं, सूत्रांतील अर्धी मात्रा जरी वांचली तरी त्यांस पुत्रजन्माइतका आनंद होतो. ज्यांनीं पाणिनीशीं कधीं झटापट केली नाहीं त्यांस ही अतिशयोक्ति वाटते. परंतु पावणेतीन किलो वजनाची छायाचित्रणाची सामग्री खांद्यास अडकवून जो गृहस्थ साठी उलटल्यावर लोणारच्या विवरांत उतरला आणि तीच सामग्री घेऊन पुनः वर चढला, त्यास लाघवाचें महत्त्व पटविण्यासाठीं वैयाकरणाची गरज पडत नाहीं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोकांस लोणार नवें नाहीं. दूरच्या वाचकांसाठीं मात्र थोडें सांगितलें पाहिजे. उल्कापातामुळें काळ्या बेसाल्ट खडकांत झालेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें असून कांठापासून सुमारें दीडशें मीटर खोल आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२३ सालीं त्याची नोंद केली. २०२० च्या जूनमध्यें सरोवराचें खारें पाणी एकाएकीं गुलाबी झालें तेव्हां साऱ्या जगानें त्याचीं चित्रें पाहिलीं, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रामसर यादींत त्याची गणना झाली. कांठावर उभें राहून एक चित्र घेणें कोणासही साधतें. पण पाण्याच्या कडेचीं जुनीं देवळें पाहावयाचीं तर झाडींतून खालीं जावें लागतें, आणि आमच्या परिचयाचे कित्येक हौशी लोक आपला किंमती कॅमेरा वर गाडींत कुलूप लावून ठेवतात व हात हलवीत उतरतात. असा कॅमेरा कितीही उत्तम असो, देवळाच्या दाराशीं त्याचा उपयोग शून्य.

याच कारणास्तव आम्हीं गेल्या वर्षीं आमचा आरशाचा मोठा कॅमेरा बाजूस ठेवून लहान, बिनआरशाचा घेतला. त्या अदलाबदलीची, व त्याहून अधिक त्या नव्या यंत्राच्या मांडणीची, हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. कारण कॅमेरा विकत घेणें हें एका दुपारचें काम आहे, आणि तो आपल्या हातास लावून घेणें हें महिन्याचें.

हा आरसा कोणता, व तो गेला म्हणजे नक्की काय झालें? आजवर ज्या मोठ्या कॅमेऱ्यांस आपण ओळखत होतों त्यांत भिंगाच्या पाठीमागें पंचेचाळीस अंशांनीं कललेला एक आरसा असतो. भिंगांतून आलेला प्रकाश त्यावर आपटून वर जातो, तेथील पंचकोनी लोलकांत वळसे घेऊन सरळ होतो व आपल्या डोळ्यास दृश्य दिसतें. बटण दाबतांच आरसा झटकन् वर उडतो, पडदा उघडतो, प्रकाश सेन्सरवर पडतो, आणि आरसा पुनः खालीं येतो. तो जो ‘खट्’ असा आवाज लग्नकार्यांत शंभरदां ऐकूं येतो त्यांत मोठा वांटा या आरशाच्या उठाबशीचा. शिवाय आरशास फिरावयास जागा लागते. निकॉनच्या १९५९ सालापासूनच्या बैठकींत भिंगाच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें; त्याच कारखान्यानें २०१८ सालीं काढलेल्या बिनआरशाच्या मालिकेंत तें १६ मिलिमीटर आहे. मधल्या साडेतीस मिलिमीटरांत आरसा राहत होता. आतां सेन्सर स्वतःच अखंड पाहत असतो व त्यास जें दिसतें तें दर्शकांतील इवल्याशा पडद्यावर आपणांस दाखवितो.

हें सर्व आजकालचें खूळ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. छायाचित्रणाचा इतिहास हा पुष्कळ अंशीं ओझें उतरविण्याचाच इतिहास आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार. त्या वेळीं ओल्या कांचेची पद्धति होती. कांचेवर रसायन ओतावयाचें, तें ओलें आहे तोंच चित्र घ्यावयाचें व वाळण्यापूर्वींच धुवावयाचें. म्हणजे गांवाबाहेरचें एखादें देऊळ टिपावयाचें तर काळोखी खोलीसुद्धां तंबूच्या रूपानें बरोबर न्यावी लागे. पुढें जर्मनींत ऑस्कर बर्नाक यानें चलच्चित्राची अरुंद फिल्म वापरून कोटाच्या खिशांत मावेल असा लायका कॅमेरा बनविला. तो १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत विक्रीस आला. त्याची २४ × ३६ मिलिमीटरांची चौकट मोठ्या कांचा वापरणाऱ्यांस खेळणें वाटे. आज तीच चौकट ‘पूर्ण’ म्हणून मिरविते, आणि तिचे अभिमानी तिच्याहून लहान सेन्सरांस खेळणें म्हणतात!

आम्हीं घेतलेली मायक्रो फोर थर्ड्‌स ही पद्धति ऑलिंपस व पॅनासॉनिक या दोन कंपन्यांनीं मिळून २००८ सालीं जाहीर केली, व त्याच वर्षीं तिचा पहिला बिनआरशाचा कॅमेरा बाजारांत आला. तिचा सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरांचा, म्हणजे क्षेत्रफळानें त्या ‘पूर्ण’ चौकटीच्या जेमतेम पाव. एवढा लहान सेन्सर निवडण्याचें कारण भिंगांत आहे. आरसा गेला म्हणजे कॅमेऱ्याचें धड लहान होतें. परंतु मोठ्या सेन्सरवर प्रकाश पसरावयाचा तर भिंग मोठेंच लागतें, आणि ओझें बहुतांशीं भिंगांचेंच असतें. दुकानांत नुसतें धड हातांत देऊन ‘पाहा किती हलकें’ म्हणतात, तो व्यवहार फसवा आहे. आपणांस लागणारीं सर्व भिंगें लावून, पिशवीसकट, वजन करून पाहावें. आम्हीं तें वाण्याच्या कांट्यावर केलें. जुनी सामग्री पावणेतीन किलो भरली होती, नवी सव्वा किलो भरली. आणि वाण्यानें दर किलोचा भाव काय म्हणून विचारलें.

लहानपणाची किंमत द्यावी लागतेच. सेन्सर म्हणजे पावसांत ठेवलेलें भांडें. तोंड जितकें लहान तितकें पाणी कमी. त्यामुळें अंधारांत हलत्या माणसांचीं चित्रें घ्यावयाचीं असतील तर या कॅमेऱ्याच्या चित्रांत रवा दिसूं लागतो, आणि पाठीमागची पार्श्वभूमि लोण्यासारखी विरघळविण्याची जी हल्लीं फॅशन आहे तीही याला तितकीशी जमत नाहीं. पण याच दोषाची दुसरी बाजू एकत्र कुटुंबाच्या फार उपयोगाची आहे. या सेन्सरवर एफ/४ इतकें छिद्र ठेवलें असतां पुढून मागपर्यंत जेवढें स्पष्ट येतें, तेवढें येण्यासाठीं मोठ्या सेन्सरवर एफ/८ ठेवावें लागतें. सत्यनारायणाच्या दिवशीं पुढें सतरंजीवर मुलें, मध्यें खुर्च्यांवर वडील मंडळी, मागें उभे पुत्र व सुना अशा तीन रांगा केल्या म्हणजे मागच्या रांगेंतील सून धूसर येऊन चालत नाहीं. तिच्या माहेरचे लोकही तें चित्र पाहणार असतात! आणखी एक गोष्ट. या सेन्सरची चौकट चारास तीन या प्रमाणाची आहे. जुन्या छायाचित्रकारांची हाफ-प्लेट पावणेपांच इंच बाय साडेसहा इंच होती, क्वार्टर-प्लेट सवातीन बाय सवाचार. हिशेब करून पाहावा, हें प्रमाण जवळपास तेंच आहे. नव्या समूहचित्राशेजारीं पणजोबांचें चित्र टांगलें तर दोन्ही एकाच घराण्यांतलीं दिसतात.

मोबाइल असतां हा उपद्व्याप कशाला, असें घरांतील तरुण मंडळी विचारतात. मोबाइलचा कॅमेरा चांगला असतो हें आम्हांस मान्य आहे. पण पुष्कळ मोबाइल न विचारतांच म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या पुसून टाकतात. आणि चित्र घेण्याच्या ऐन वेळीं ज्यावर कोणाचा तरी फोन येतो त्यास आम्ही कॅमेरा म्हणण्यास तयार नाहीं.

आतां मांडणी. पेटींतून काढलेला नवा कॅमेरा म्हणजे परक्या माणसाच्या हातचें स्वयंपाकघर. सर्व वस्तु तेथें असतात, पण मीठ कोठें तें सांपडत नाहीं. मेनूंत शेंकडों नोंदी असतात व त्या एकेक करून पाठ करणारा तिसऱ्या दिवशीं कंटाळतो. आम्हांस येथें व्याकरणच कामास आलें. शास्त्रकार आधीं उत्सर्ग सांगतात, म्हणजे सामान्य नियम, आणि मग त्यास अपवाद. दहांपैकीं नऊ वेळां जें लागतें तें उत्सर्ग म्हणून कॅमेऱ्यांत कायमचें बसवावें, दहाव्या वेळीं लागणारें अपवाद म्हणून एखाद्या बटणावर ठेवावें, व बाकीच्या नोंदींकडे ढुंकूनही पाहूं नये.

त्यापूर्वीं दोन संस्कार मात्र चुकवूं नयेत. एक घड्याळाचा. प्रत्येक चित्राबरोबर तारीख व वेळ नोंदली जाते, आणि वीस वर्षांनीं हा गणपति कोणत्या सालचा यावर घरांत चार मतें पडतात तेव्हां तीच नोंद साक्षीस उभी राहते. बॅटरी पुष्कळ दिवस बाहेर राहिली तर घड्याळ मागें जातें, म्हणून मधून मधून तपासावें. दुसरा संस्कार डोळ्याचा. दर्शकाच्या शेजारीं एक लहान चाक असतें. तें फिरवून दर्शक आपल्या नजरेस जुळवावयाचा असतो. तें जुळवितांना बाहेरच्या दृश्याकडे न पाहतां दर्शकांतील आंकड्यांकडे पाहावें, व नेहमीं जो चष्मा लावून चित्रें घेणार तोच लावावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर हें पुनः करावें लागतें. नवा कॅमेरा बिघडलेला आहे अशा पुष्कळ तक्रारी या चाकापाशींच मिटतात.

आमचा उत्सर्ग असा. छिद्र आम्हीं ठरवावयाचें, वेळ कॅमेऱ्यानें. संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, २०० पासून ३२०० पर्यंत त्यानें आपण होऊन वाढवावी, त्यापलीकडे जाऊं नये. पडदा एका सेकंदाच्या एकशेंपंचविसाव्या भागापेक्षां अधिक वेळ उघडा राहूं नये, कारण आपल्याकडील माणसें हातवारे केल्यावांचून बोलत नाहींत. चेहरा ओळखून त्यावर नेम धरण्याची सोय चालू. चित्र दोन रूपांत नोंदावें : एक नेहमींचें, लगेच नातेवाइकांस पाठविण्याजोगें, दुसरें कच्चें, ज्यावर मागाहून संस्कार करतां येतात. चित्र घेतल्याबरोबर तें दर्शकांत क्षणभर दाखविण्याची जी सोय असते ती बंद. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत ती फार अडचणीची आहे. पहिलें चित्र डोळ्यापुढें थबकून राहतें आणि तेवढ्यांत खरें हसूं निघून जातें. पाठीवरचा पडदाही आम्हीं मिटून ठेवतों. तो उघडा असला म्हणजे घरांतील सर्व बालगोपाळ पाहावयास मागें गोळा होतात व चित्रासाठीं पुढें कोणी उरत नाहीं.

अपवादांत पहिला मान उजेड कमी-अधिक करण्याच्या चकतीस. कॅमेऱ्याची समजूत अशी कीं, जगांतील सर्व वस्तु सरासरीनें करड्या आहेत. त्यामुळें पांढरीं धोतरें व फिकीं नऊवारी लुगडीं नेसलेली मंडळी समोर बसवावीं तर तो तीं मळकट काढतो. आणि मेहकरच्या बालाजीसारखी काळ्या पाषाणाची मूर्ति असेल तर तिला उजळ राखी करून टाकतो. पांढऱ्यासाठीं चकती वर, काळ्यासाठीं खालीं, एवढें लक्षांत ठेवावें. आरशाच्या कॅमेऱ्यांत हें अनुमान होतें. येथें प्रत्यक्ष आहे. चकती फिरवितांच दर्शकांतील दृश्य तसें उजळतें वा मंदावतें, आणि जें दिसतें तेंच उमटतें. आमच्या मतें आरसा गेल्यानें झालेला हा लाभ वजनाच्या लाभाहून मोठा आहे. ओसरीवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागें अंगणांतील ऊन असतें, व चेहरा काळाठिक्कर येतो हा घरोघरचा अनुभव. आतां तो बटण दाबण्यापूर्वींच दिसतो.

ठराविक अंतरानें आपोआप चित्रें घेण्याची सोयही मेनूंत असते. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ च्या सुमारास कुंडींतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चित्र घेऊन दाखविली तेव्हां तें सारें हातानें करावें लागलें होतें. आमच्या नातवानें त्याच रीतीनें मेथी उगवून दाखविली. त्यासाठीं त्यास फक्त दोन बटणें दाबावीं लागलीं व मधल्या वेळांत तो क्रिकेट खेळला.

दुसरा महत्त्वाचा अपवाद मौनाचा. या कॅमेऱ्यांत पडदा मुळींच न हलवितां नुसत्या विद्युत्‌क्रियेनें चित्र घेतां येतें. त्या वेळीं मुंगीच्या पावलाइतकाही आवाज होत नाहीं. कीर्तनांत, मौंजीबंधनांत, मूल निजलें असतां याचें मोल कळतें. मात्र यांत एक मेख आहे. अशा वेळीं सेन्सर सर्व चित्र एकदम वाचीत नाहीं, ओळीमागून ओळ वाचतो. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची असल्यामुळें पुष्कळ दिव्यांचा प्रकाश सेकंदांत शंभर वेळां कमी-अधिक होत असतो. डोळ्यास तें समजत नाहीं, पण ओळीओळीनें वाचणाऱ्या सेन्सरला समजतें, आणि चित्रावर आडवे काळसर पट्टे उमटतात. मंगल कार्यालयांतील झगझगाटांत म्हणून नेहमींचा पडदाच वापरावा, किंवा वेळ पन्नासांश वा शतांश सेकंद ठेवावी. समईच्या ज्योतींत हा दोष नाहीं, दिवसाच्या उजेडांतही नाहीं. आणि जेथें छायाचित्रास मनाई आहे तेथें यंत्र मुकें आहे म्हणून परवानगी मिळाली असें होत नाहीं.

तिसरा अपवाद देवळाचा. लोणार गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस बाहेरच्या भिंतींवरील शिल्पांची दाटी व आंतील काळोख दोन्ही आठवत असतील. छताचें कोरीव काम डोळे सरावल्यावर हळूहळू दिसूं लागतें. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाई लावावयाची तर आधीं परवानगी काढावी लागते. नव्या कॅमेऱ्यांत सेन्सरच तरंगता बसविलेला असतो व आपला हात थरथरला कीं तो उलट दिशेला सरकून तोल सांभाळतो. त्यामुळें पाव सेकंदाइतका वेळ हातांत धरूनही दगडाची रेघ न् रेघ स्वच्छ येते. कोंपर बरगड्यांस टेंकावे, श्वास अर्धा सोडावा व क्षणभर कुंभक करावा. संध्येंतील प्राणायामाचा असा उपयोग होईल असें आम्हांस मुंजींत कोणीं सांगितलें नव्हतें. येथें नेम धरण्यासाठीं चेहरा ओळखण्याची सोय बंद करून एकच लहान चौकोन ठेवावा, नाहीं तर यंत्र शिल्पांतील यक्षांचे चेहरे निवडीत बसतें. ही तोल सांभाळण्याची युक्ति आपला हात स्थिर करते, समोरचा माणूस नव्हे. म्हणून दगडासाठीं एक मांडणी व माणसांसाठीं दुसरी, अशा दोन वेगवेगळ्या चकतीवर साठवून ठेवल्या आहेत. कोणत्या खुणेवर काय आहे तें एका पोस्टकार्डावर लिहून तें पिशवींत ठेवलें आहे, त्यामुळें घरांतील कोणासही कॅमेरा उचलतां येतो.

ज्या कामासाठीं हा सर्व खटाटोप मनांत धरला होता तें मात्र लोणारांत नव्हतें, घरांतच होतें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या दिवाणखान्यांत दिवंगत वडील मंडळींच्या हार घातलेल्या तसबिरी असतील. त्या एकदां जवळ जाऊन पाहाव्या. कित्येकींत कडेला दुसऱ्याच कोणाच्या शेल्याचें टोंक किंवा फेट्याची कड दिसेल. कारण ती तसबीर कोणाच्या तरी लग्नांतल्या समूहचित्रांतून कापून मोठी केलेली असते. माणूस गेल्यावर सुतकाच्या दहा दिवसांत अल्बम धुंडाळले जातात व तेव्हां ध्यानांत येतें कीं, ज्यानें उभा जन्म घर चालविलें त्याचें एकट्याचें धड एकही चित्र नाहीं. आमच्या ज्येष्ठ बंधूंची तसबीर अशीच आहे. त्यांच्या उजव्या खांद्यावर एक हात आहे. तो कोणाचा, हें आतां घरांत कोणासही सांगतां येत नाहीं.

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, यांना चौऱ्याऐशीवें वर्ष चालू आहे. जुना कॅमेरा वर उचलतांच त्या पदर पुढें ओढीत, दांत नसल्यामुळें ओंठ घट्ट मिटीत, आणि पहिल्या ‘खट्’बरोबर पाषाणाच्या होत. तसलीं चित्रें आमच्यापाशीं पुष्कळ आहेत. त्यांत त्यांची मूर्ति आहे, त्या नाहींत. या खेपेस आम्हीं त्यांस आधींच सांगितलें कीं, येत्या आठ दिवसांत आम्ही तुमचें चित्र घेणार, केव्हां तें सांगणार नाहीं. त्या म्हणाल्या, “सांगूं नका म्हणजे झालें, भाऊजी.”

त्या रोज सकाळीं ओसरीवर वाती वळीत बसतात. यासाठीं आम्हीं फिल्मच्या काळांतील आमचें जुनें पन्नास मिलिमीटरचें भिंग काढलें. आरशाची जागा रिकामी झाल्यामुळें मध्यें एक पोकळ कडें बसवून जुन्या कॅमेऱ्यांचीं भिंगें नव्यावर लावतां येतात, हा या पद्धतीचा मोठा गुण. लहान सेन्सरवर त्या भिंगाची व्याप्ति शंभर मिलिमीटरच्या भिंगाएवढी अरुंद होते, म्हणजे थोडें दूर बसून चेहरा घेतां येतो. नेम हातानें धरावा लागतो. पण दर्शकांतील दृश्य दसपट मोठें करून पाहतां येत असल्यामुळें पापणीवर नेम धरणें अवघड नाहीं. असें परकें भिंग लावलें असतां त्याची पन्नास ही संख्या मेनूंत हातानें भरावी, नाहीं तर तोल सांभाळणाऱ्या सेन्सरला किती सरकावें तें कळत नाहीं. एवढें झाल्यावर मौनाचें बटण दाबून आम्ही खांबाशीं वर्तमानपत्र घेऊन बसलों. चार सकाळींत मिळून चाळीस-एक चित्रें झालीं. एका सकाळीं शेजारची मुलगी कांहीं तरी सांगत आली, वहिनींनीं वात बोटांत तशीच धरून मान वर केली, आणि त्या हंसल्या, ओंठ न मिटतां.

चित्र आम्हीं त्यांस दाखविलें. त्यांनीं चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिलें. “ही तर आमची आई,” त्या म्हणाल्या. मग डाव्या कानांतील कुडी थोडी फिरलेली आहे हें त्यांनीं दाखवून दिलें. बाकीच्या चित्रांकडे त्यांनीं पाहिलेंच नाहीं. “हेंच ठेवा,” असें सांगून त्या वाती वळूं लागल्या. कशासाठीं, हें त्यांनीं विचारलें नाहीं व आम्हींही सांगितलें नाहीं.

या कॅमेऱ्यांची निगा थोडी निराळी आहे. दर्शक व सेन्सर सतत जागे असल्यामुळें बॅटरी जुन्या कॅमेऱ्याच्या मानानें फार लवकर उतरते, तेव्हां दुसरी भरून खिशांत ठेवावी. आरसा व त्यामागचा पडदा पूर्वीं सेन्सरला आडोसा देत असत. आतां भिंग काढतांच सेन्सर बहुधा उघडा पडतो, आणि आमच्याकडील वैशाखांतील धूळ कोणाची वाट पाहत नाहीं. भिंग बदलावयाचें तर घरांत, कॅमेरा बंद करून, तोंड खालीं धरून बदलावें. लांब पल्ल्याचें भिंग लावून कॅमेरा उन्हांत उताणा ठेवूं नये. भिंग सूर्याची तिरीप आंत एकवटतें व सेन्सर किंवा पडदा भाजूं शकतो. पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी चढते, म्हणून चामड्याच्या पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावीं. निळ्या दाण्यांची पुडी गुलाबी झाली म्हणजे दाणे कढईंत मंद आंचेवर परतून पुनः वापरतां येतात. मात्र कढई त्यासाठीं निराळी राखावी, स्वयंपाकांतील घेऊं नये.

जुना कॅमेरा आम्हीं विकला नाहीं. शहरांतील एका दुकानदारानें त्याची जी किंमत सांगितली तींत सायकलही आली नसती. तो धाकट्या पुतण्याकडे गेला आहे. त्याचे खांदे रुंद आहेत.

वहिनींच्या चित्राच्या दोन प्रती कागदावर काढविल्या. एकीच्या मागें शिसपेन्सिलीनें नांव, तिथि व गांव लिहून ती कपाटांत ठेवली आहे. दुसरी त्यांनीं स्वतः मागून घेतली. ती सध्यां त्यांच्या ‘गजानन विजय’ पोथींत, आदल्या दिवशीं जेथवर वाचन झालें असेल तेथें, खूण म्हणून असते.